.२२३ च्या पुंगळीपासून .३०० ब्लॅकआउट: गोळी बसवली की काडतूस गेजमध्ये अडकतं

टेक्सासकर
रेंजवरच्या .२२३ आणि ५.५६ च्या मिश्र पुंगळ्या कापून .३०० ब्लॅकआउटच्या (.२२३ चीच पुंगळी आखूड करून बनणारं, .३०८ इंची गोळीचं काडतूस) फुल-लेंग्थ डायमधून (पूर्ण पुंगळीला आकार देणारा साचा) काढल्या, १.३५८ इंचांवर ट्रिम केल्या. रिकामी पुंगळी केस गेजमध्ये (चेंबरच्या मापाचा तपासणीचा साचा) अलगद जाते, पण गोळी बसवल्यावर काही काडतुसं मानेपाशी अडकतात. काहींच्या खांद्यावर खड्डेही पडलेत. डाय बदलावी का?

मायक्रोमीटर
डाय ठीक आहे, पितळ जाड आहे. मूळची मान आणि खांदा तुम्ही कापून टाकलात. आताची मान म्हणजे जुन्या पुंगळीचं अंग. तिथली भिंत किती जाड, हे प्रत्येक कंपनीगणिक बदलतं. सगळी मापं इंचांत: गोळी .३०८, भरलेल्या काडतुसाच्या मानेचा कमाल व्यास .३३४. भिंत .०१३ झाली की वाव संपला. डाय बाहेरून दाबते, त्यामुळे जादा जाडी आतल्या बाजूला लपते आणि रिकामी पुंगळी गेजमध्ये जाते. गोळी बसवली की तीच जाडी बाहेर येते.

बुडावरच्या शिक्क्याप्रमाणे ढीग वेगळे करा. प्रत्येक ढिगातल्या काही पुंगळ्यांची मान बॉल मायक्रोमीटरने (गोल टोकाचा, वक्र भिंत मोजणारा) चारी बाजूंनी मोजा, साध्या कॅलिपरवर गोल भिंतीचं माप फसतं. .०१२ च्या वर गेलेला ढीग सरळ भंगारात. मान टर्न करून (बाहेरून कातून) पातळ करता येते, पण फुकटच्या .२२३ साठी एवढा खटाटोप कशाला? लेक सिटी या अमेरिकी लष्करी कारखान्याचं (शिक्का ‘एलसी’) पितळ साधारणपणे चालतं. फक्त लष्करी मालात प्रायमर पॉकेटला (बुडातली प्रायमर बसायची खाच) क्रिंप (प्रायमर धरून ठेवणारी दाबलेली कड) असतो, तो आधी स्वेज करून (दाबून) किंवा रीमरने (कातून) काढा.

पितळकाम
खांद्यावरचे खड्डे जास्त ल्यूबमुळे (वंगणामुळे). ल्यूब दाबला जात नाही, खांद्याशी साचतो आणि पितळालाच आत ढकलतो. सायझिंग वॅक्स बोटावर नावापुरतं घ्या, अंगाला चोळा, खांदा बनणार तिथे जवळपास नाही. उथळ खड्डा पहिल्या फायरमध्ये निघून जातो, पण घडी किंवा चीर दिसली तर पुंगळी टाकायची. ल्यूबमध्ये कंजूषी केली तर मात्र पुंगळी डायमध्ये अडकते. मग डिकॅपिंग रॉड (डायमधली, जुना प्रायमर काढणारी सळई) वर घेऊन, प्रायमर पॉकेटमधून भोक पाडून, पाव इंच-२० चा टॅप मारून बोल्टने ओढून काढावी लागते.

कापताना छोट्या चॉप सॉच्या जिगमध्ये १.३७५ ते १.३८० ठेवा. सायझिंगमध्ये लांबी थोडी बदलते, म्हणून शेवटचं ट्रिम नेहमी सायझिंगनंतर. कापल्यावर आतला-बाहेरचा बर (कडेला उरलेली धारदार कंगोरी) काढा. तो राहिला की डायला ओरखडे पडतात. शेवटी ल्यूब आणि कीस दोन्ही धुऊन काढा.

टेक्सासकर
ढीग वेगळे केले. अडकणारी सगळी एकाच शिक्क्याची निघाली. अनीलिंग (पितळ तापवून मऊ करणं) करावं का?

मायक्रोमीटर
नाही केलं तरी पुंगळी बनते. पण मूळचा अनील केलेला भाग कापून गेलाय, उरलेलं अंग कडक आहे. ते दाबल्यावर थोडं परत उसळतं, म्हणून मानेची पकड कमी-जास्त होते आणि पुढे मान लवकर तडकते. करायचं तर कापल्यानंतर, सायझिंगच्या आधी. ७५० फॅरनहाइटचा टेंपिलॅक (ठरलेल्या तापमानाला वितळणारा खुणेचा रंग) वापरा. बुडापर्यंत उष्णता जाऊ देऊ नका. दाब बूडच झेलतं, ते मऊ झालं तर पुंगळी गेली.

पितळकाम
एक गोष्ट सुटली. जाड पितळात आतली जागा कमी, दाब जास्त, म्हणून मिश्र शिक्क्यांवर एकच लोड (दारूचं माप) चालवू नका. आणि तयार काडतुसांचा डबा वेगळ्या रंगाचा ठेवा. ब्लॅकआउट आणि ५.५६ या दोन्हींना बोल्ट आणि मॅगझिन तेच लागतं. ब्लॅकआउटचं काडतूस चुकून ५.५६ च्या चेंबरमध्ये बसलं तर .३०८ ची गोळी .२२४ च्या नळीत कोंबली जाते आणि रायफल फुटते.

भारतातल्या वाचकांसाठी: तिथे आर्म्स ॲक्टखाली परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही.




टेक्सासकर
.०१२ च्या वरचा ढीग भंगारात टाकला. बाकीच्यांवर गोळी बसवून मानेचा व्यास .३३१ च्या आसपास येतोय, गेज साफ.