ट्रकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापून गळतोय, घरीच उतरवावा का? मदत हवी आहे

मंडळी, जरा लांबण लागेल, पण अर्धवट सांगितलं की "आधी नीट सांगा" म्हणाल, म्हणून सगळंच लिहितो.

जुना पिकअप ट्रक आहे. पेट्रोल इंजिन, ताकद मागच्या चाकांना, ४ गिअरांचा ऑटोमॅटिक. गेल्या रविवारी ट्रेलर जोडून, तोही गच्च भरलेला, एक लांबलचक चढ चढत होतो. अर्ध्यावर इंजिन नुसतंच कोकलायला लागलं, गाडी काही ओढेना. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मध्येच सगळं सैल, आणि मग धाडकन हिसका. खालून करपल्याचा वास. इंजिनच्या तापमानाचा काटा मात्र जागच्या जागी शहाण्यासारखा उभा! गिअरबॉक्सला वेगळा काटा नाही.

बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. खाली वाकून पाहिलं तर चार-पाच थेंब. डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) काढली, तेल खुणेपाशीच दिसत होतं, पण रंग चहासारखा. धीर होईना, म्हणून जवळ होतं ते दोन लिटर तेल ओतलं. तासाभराने ट्रेलर तिथेच सोडून हळूहळू घरी आलो. येताना मात्र बेल हाउसिंगखालून, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनला जुळतो तिथल्या कवचाखालून, धारच लागली. एक्झॉस्टवर तेल पडून एवढा धूर, की मागचा माणूस हॉर्न वाजवून हात करत होता.

ओळखीतले दोघं म्हणाले, "पुढचा पंप सील गेला, गिअरबॉक्स उतरवावाच लागेल." माझ्याकडे एक ट्रॉली जॅक, चार स्टँड, पान्ह्यांचा बरा संच आणि उत्साह आहे. गिअरबॉक्सचा खास जॅक नाही, टॉर्क रेंचही नाही. कन्व्हर्टरसकट (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) ते ७०-८० किलोंचं धूड पाठीवर झोपून उतरवणं जमेल का? की सील फुगवणारं ते बाटलीतलं औषध आधी टाकून बघू?

प्रतिसाद

उत्साह राहू द्या, छातीवर गिअरबॉक्स पडला की तोही जातो. साध्या ट्रॉली जॅकवर ते धूड तोलायला जाऊ नका.

प्रतिसाद

दादा, उतरवायचं नंतर बघू. दोन प्रश्न.

पहिला: तेल बघताना इंजिन चालू होतं की बंद? तुमच्या लिहिण्यावरून बंद दिसतंय. बहुतेक ऑटोमॅटिकना तेल गरम झाल्यावर, सपाट जागी, इंजिन चालू ठेवून, पार्किंगमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये बघायचं असतं. काही गाड्यांना बंद करून, म्हणून आपल्या गाडीचं पुस्तक उघडा. इंजिन बंद पडलं की पंप थांबतो आणि वरचं तेल खाली चेंबरमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात येतं. मग पट्टीवर भरलेलं दिसतं आणि खरं तर कमी असतं. कमी तेलात पंप हवा ओढतो, दाब पडतो, क्लच प्लेटा घसरतात, घसरल्या की तापतात. चढावरचं तुमचं वर्णन हुबेहूब हेच आहे.

दुसरा: धार दोन लिटर ओतायच्या आधी लागली की नंतर? कारण जास्त भरलं तरी फिरणारे भाग तेल घुसळून फेस करतात. फेस मावला नाही की वरच्या ब्रीदरमधून (आतली हवा बाहेर सोडणारं तोंड) बाहेर येतो आणि हाउसिंगवरून ओघळतो. खालून पाहणाऱ्याला वाटतं पुढचा सील गेला. या एका गैरसमजापायी चांगले गिअरबॉक्स उतरवलेले पाहिलेत मी.

बाटलीतलं औषध अजिबात नको. काय गळतंय तेच कळलेलं नाही, औषध कशावर?

गाडी पूर्ण थंड होऊ द्या, चाकांना ठोकळे लावा, स्टँडवर घ्या. गिअरबॉक्स डिग्रीजरने धुऊन कोरडा करा आणि सगळीकडे टाल्कम पावडर मारा. मग थोडी चालवून, पुन्हा थंड करून बघा. ओला पट्टा जिथे सुरू होतो तिथे गळती. जिथे थेंब लोंबतो ती जागा नव्हे. एक्झॉस्टवरचं तेलही पुसून घ्या, पेट घेतं ते.

मूळ लेखक

धार नंतर लागली. हे वाचलं आणि कपाळावर हात मारला. सहा वर्षं इंजिन बंद करूनच बघत आलोय!

पुस्तक उघडलं (प्लास्टिकच्या पिशवीत न उघडता पडलं होतं). गरम, चालू, पार्किंगमध्ये. तसं बघितलं तर एवढं गळूनही तेल गरम खुणेच्या बोटभर वर, आणि पट्टीवर साबणासारखे बुडबुडे. डिपस्टिकच्या नळीतून बारीक पाइप घालून पिचकारीने जवळपास लिटरभर काढलं. सवा तास गेला, कोपरापर्यंत तेल.

मग धुतलं, पावडर मारली, अर्धा तास फिरवून आणली. बेल हाउसिंगच्या आत टॉर्च मारून पाहिलं, पांढरं शुभ्र. वर ब्रीदरपासून मात्र एक पातळ ओला ओघळ निघून हाउसिंगच्या कडेने खाली आलेला. म्हणजे तुमचं म्हणणं खरं.

पण मग मुळात तेल कमी का झालं? ते रेडिएटरपाशी सापडलं. गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या कूलरला जाणाऱ्या होजच्या दाबलेल्या टोकावर धुळीचा जाड, चिकट थर होता, बोटाने सोलला तर कातडीसारखा निघाला. कित्येक महिने थेंबथेंब झिरपत असणार. जमिनीवर डाग पडायच्या आत धूळ पिऊन टाकत होती.

प्रतिसाद

छान! होज बदलताना ट्रान्समिशन ऑइलच्या कामाचाच घ्या, साधा इंधनाचा पाइप नको. त्याच वेळी कूलर तुंबलाय का तेही कळेल. परतीची लाइन बादलीत सोडून इंजिन आयडलवर फक्त अर्धा मिनिट चालवायचं. साधारण लिटरभर तरी यायला हवं. जितकं काढाल तितकं परत भरा. आणि चेंबर उघडून आतला, लोखंडी कीस धरून ठेवणारा मॅग्नेट बघा.

मूळ लेखक

होज बदलला. बादलीत लिटरापेक्षा थोडं जास्त आलं, म्हणजे कूलर मोकळा आहे. चेंबर उघडलं. मॅग्नेटवर काजळासारखी करडी पेस्ट, बोटांत चोळली तर मऊ, कुठे कीस नाही. तळाशी थोडी काळी पूड. फिल्टर आणि पॅकिंग नवीन. पाच लिटर जुनं निघालं, तेवढंच नवीन भरलं, या वेळी इंजिन चालू ठेवून, थोडं थोडं.

आता शिफ्ट बरेच सुधारलेत. पूर्ण तापल्यावर दुसऱ्यातून तिसऱ्यात अजून किंचित रेंगाळतो. मशीनवर पूर्ण फ्लश करून, म्हणजे सगळं तेल एकदम बदलून टाकू का?

प्रतिसाद

मी करणार नाही. चेंबर उघडून साधारण निम्मंच तेल निघतं, उरलेलं कन्व्हर्टरमध्ये राहतं. त्यामुळे काही शे किलोमीटर रिकामी चालवून पुन्हा एकदा चेंबरपुरतं बदला. काळी पूड म्हणजे क्लच प्लेटा थोड्या खाल्ल्यात, ते तेल बदलून भरून येणार नाही. रेंगाळणं वाढलं तर गिअरबॉक्स उघडण्याला पर्याय नाही. तोवर ट्रेलर बंद. पुढे ट्रेलर ओढायचाच असेल तर जादा कूलर आणि तापमानाचा काटा लावा. ८० ते ९५ अंशांत असलं की ठीक, १२० च्या पुढे गेलं की थांबायचं.

मूळ लेखक

काटा मागवलाय. ट्रेलर भावाच्या गाडीने आणला, त्याचं बोलणं ऐकून घेतलं.

आता शेवटचं. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरला होता. सकाळी त्यावर नाण्याएवढा एकच लाल डाग, चेंबरच्या मागच्या कोपऱ्याखाली. तिथला बोल्ट आवळताना शेवटी अचानक हलका झाला होता, तेव्हा दुर्लक्ष केलं. आज पान्हा लावला तर नुसता फिरतोय. अॅल्युमिनियममधले आटे गेले बहुतेक.

प्रतिसाद

गेलेच. टॉर्क रेंच नाही म्हणालात तेव्हाच धास्ती होती. हे बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरचे असतात, मनगटाने आवळायचे, खांद्याने नाही. हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) बसवा. ड्रिलला खोलीची खूण म्हणून टेप गुंडाळा आणि बिटला ग्रीस लावा, म्हणजे कीस आत पडणार नाही. चेंबर मात्र पुन्हा उतरवावं लागेल.

मूळ लेखक

म्हणजे पुन्हा पाच लिटर. असो, नाहीतरी दुसऱ्यांदा बदलायचंच होतं. टॉर्क रेंच आणायला निघतो.