मदत हवी आहे: झाडावरच्या शिकारीसाठी सॅडल कुठलं घ्यावं? कंबर आवळते, आणि पेटंटचा घोळ कोणी समजावेल का?

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा आडवळणाचा आहे पण इथे अमेरिकेतले बरेच जण आहेत आणि पेटंटच्या कामातलेही एकदोन आहेत म्हणून विचारतोय. मी मिशिगनमध्ये असतो आणि कंपाउंड बोने हरणाची शिकार करतो, व्हाइटटेल जातीच्या, रीतसर लायसन्स काढून. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली ती बंदच राहावी असं मलाही वाटतं, पण इकडे हरणांची संख्या आटोक्यात ठेवायला सरकारी खातंच परवाने देतं, आणि मारलेलं हरीण आम्ही घरी खातो, फ्रीजर भरलेला असतो. तेव्हा शिकार करावी की नाही हा वाद कृपया इथे नको, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी तिथे येऊन बोलीन.

तर सॅडल म्हणजे घोड्याचं नव्हे. नायलॉनच्या कापडाची रुंद झोळी असते, ती बुडाखाली घ्यायची, दोन्ही बाजूंना कमरेपाशी मजबूत लूप, त्या दोन लूपांमध्ये एक आखूड दोर त्याला ब्रिज म्हणतात, आणि झाडाभोवती बांधलेला दुसरा दोर म्हणजे टेदर, तो कॅराबिनरने, म्हणजे उघडमीट होणाऱ्या धातूच्या कडीने, ब्रिजला अडकवला की झाला कार्यक्रम. पायाखाली छोटा अॅल्युमिनियमचा प्लॅटफॉर्म. झाडाकडे तोंड करून मागे रेलायचं किंवा गुडघे खोडाला टेकवून बसायचं. लोखंडी ट्रीस्टँड, म्हणजे झाडाला टांगायचं आसन, पाठीवर वाहण्यापेक्षा हे कितीतरी हलकं, आणि हरीण आलं की खोडाच्या आड सरकता येतं.

पुण्यात होतो तेव्हा सह्याद्रीत भरपूर क्लाइंबिंग केलंय, नागफणीलाही दोरावर लटकलोय, त्यामुळे दोराची भीती नाही, प्रुसिकची गाठ, कॅराबिनर हे सगळं हातातलं आहे. पण कड्यावर थोडा वेळ लटकणं वेगळं आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला, नर माद्यांच्या मागे फिरत असतात त्या दिवसांत, पहाटेच्या अंधारात झाडावर चढून दुपारपर्यंत हलायचं नाही हे वेगळं. माझं सॅडल सेकंडहँड आहे, एका पॅनलचं, आणि तासादीड तासात दोन्ही बाजूंनी खुब्यांवर असा दाब येतो की मांड्या बधिर होतात. इकडे याला हिप पिंच म्हणतात. मग मी चुळबुळ करतो आणि चुळबुळ केली की हरीण गेलंच.

उंची ५ फूट ७ इंच, वजन ८० किलो, उजव्या हाताने धनुष्य ओढतो.

आता पेटंटचं. नवीन घ्यायचं म्हणून बघायला लागलो तर जो तो कंबर आवळू नये म्हणून काहीतरी वेगळं करतोय, कोणी ब्रिजचे लूप पुढेमागे सरकवता येतील असे केलेत, कोणी दोन पॅनल केलेत, आणि बऱ्याच जणांच्या पानावर खाली पेटंट पेंडिंग लिहिलेलं. शिवाय पुण्यात माझा मावसभाऊ आहे, त्याचं रकसॅक आणि ट्रेकिंगचं सामान शिवायचं छोटं वर्कशॉप आहे, तो म्हणतो दादा तू फक्त मापं आणि फोटो पाठव, मी शिवून देतो, जमलं तर पाचपंचवीस नग तिकडे विकू. मला हे ऐकायला फार छान वाटतंय पण आत कुठेतरी धाकधूकही आहे.

तर प्रश्न असे की एक पॅनल का दोन पॅनल, आवळणं सेटिंगने जाईल का सॅडलच बदलावं लागेल, पेटंट पेंडिंग म्हणजे नक्की काय, आणि मावसभावाला हो म्हणू का नको. माहीतगारांनी सविस्तर लिहा, वाचायला वेळच वेळ आहे.

— — —

ओहायोकर:

भाऊ, सॅडल बदलायच्या आधी तीन गोष्टी बदलून बघा, पैसे वाचतील.

पहिलं म्हणजे ब्रिज. तुमचा ब्रिज बहुतेक आखूड आहे. ब्रिज आखूड असला की दोर दोन्ही लूपांना आतल्या बाजूला ओढतो, म्हणजे तुमचे खुबे दोन्हीकडून चेपले जातात, आणि तोच लांब केला की ओढ समोरच्या दिशेला जाते, बाजूचा दाब कमी होतो. हे कागदावर त्रिकोण काढून बघा, लगेच पटेल. फार लांबही नको, कारण मग तुम्ही झाडापासून लांब जाता आणि कॅराबिनर हाताला येत नाही. ब्रिज कमीजास्त करता येत नसेल, साधी गाठ मारलेला असेल, तर उत्पादकाकडूनच अॅडजस्ट होणारा मागवा.

दुसरं टेदरची उंची. प्लॅटफॉर्मवर उभं राहिल्यावर टेदर कपाळाच्या आसपास बांधला तर रेलायला बरा पडतो, पायांवर वजन जातं. बसायचं असेल तर आणखी वर बांधा. नवीन लोक एकदा बांधतात आणि सकाळभर तसेच राहतात. तसं करू नका, थोडा वेळ रेलायचं, थोडा वेळ बसायचं, गुडघ्याला पॅड लावून खोडाला टेकायचं, आणि हे सगळं हळूहळू, हरीण आसपास नसताना. पण टेदरमध्ये ढील कधीही ठेवायची नाही. सॅडल हे पडल्यावर झेलायचं साधन नाही, ते तुम्हाला पडूच देत नाही एवढंच, आणि ते सुद्धा दोर ताणलेला असेल तरच. चढता उतरताना लाइनमन बेल्ट, म्हणजे खोडाभोवती घेऊन कमरेला अडकवायचा पट्टा, लावलेलाच पाहिजे, तुम्ही क्लाइंबर आहात म्हणजे सांगायला नको तरी सांगतो.

तिसरं, सॅडल अंगावर कुठे बसतंय. वरची कड कमरेच्या हाडाच्या वर आणि खालची कड बुडाच्या जरा खाली. लूप जर मांडीच्या सांध्यावर येत असतील तर कुठलंही महागडं सॅडल आवळणारच. आणि माप घेताना थंडीचे जाड कपडे घालून घ्या. ऑक्टोबरात पातळ पँटवर मस्त बसलेलं सॅडल नोव्हेंबरात जाड बिबवर, म्हणजे छातीपर्यंत येणाऱ्या पँटवर, चढवलं की एक साइज लहान होतं, यात बरेच जण फसतात.

एक का दोन पॅनल म्हणाल तर, एक पॅनल हलकं, घडी छोटी, चालत लांब जायचं असेल तर ते, टेथर्ड कंपनीचं फँटम त्यातलं. दोन पॅनलमध्ये एक पट्टा मांडीखाली सरकवायचा आणि दुसरा पाठीच्या खालच्या भागाला, त्यामुळे वजन पसरतं, लॅटिट्यूड कंपनीचं मेथड टू तसं आहे. जास्त वेळ बसणाऱ्याने दोन पॅनलच बघावं असं माझं स्पष्ट मत, फक्त ते अंधारात नीट पसरायला हात बसावा लागतो.

— — —

क्लेमवाचक:

पेटंटचं मी लिहितो, कामच ते आहे. हा कायदेशीर सल्ला नाही, समजून घ्यायला म्हणून वाचा.

पेटंट पेंडिंग म्हणजे अर्ज केलाय, बस. पेटंट मिळालेलं नाही. बरेचदा तो प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज असतो, त्याला १२ महिन्यांची मुदत, तेवढ्यात पक्का अर्ज केला नाही तर तो आपोआप संपतो. पेटंट मंजूर होईपर्यंत त्याच्या जोरावर कोणी कोणाला कोर्टात खेचू शकत नाही. पण पक्का अर्ज, पहिल्या अर्जापासून मोजून, साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, आणि पुढे पेटंट मिळालं आणि क्लेम, म्हणजे नेमकं कशावर हक्क सांगितलाय ती कलमं, जवळपास तेच राहिले तर मधल्या काळाची रॉयल्टी मागता येते, ती सुद्धा तुम्हाला त्या अर्जाची प्रत्यक्ष माहिती असेल तर. म्हणजे पेंडिंगला अगदीच किंमत नाही असंही नाही.

मंजूर झालं की अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, पण मंजुरीनंतर साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी फी भरावी लागते, नाही भरली तर मधेच मरतं. लहान कंपन्यांची कितीतरी पेटंटं अशीच मरतात. डिझाइन पेटंट वेगळं, ते फक्त दिसण्याचं, २०१५ च्या मे नंतरच्या अर्जांना मंजुरीपासून १५ वर्षं.

आता मुख्य मुद्दा. दोराला लटकून झाडावर बसणं हे कोणाच्या मालकीचं नाही. ट्रॉफीलाइनसारख्या कंपन्यांची नावं यात जुनी आहेत, १९८० च्या दशकातही लोक हार्नेसमधून शिकार करायचे, त्याच्या आधी विजेच्या खांबावर चढणारे आणि झाडं छाटणारे लोक पट्ट्यावरच रेलायचे. २०१८ च्या सुमारास टेथर्ड आलं आणि ही गोष्ट घराघरात गेली, त्यानंतर बाजारात गर्दी झाली. पण जुनी गोष्ट जुनीच राहते, त्यावर नव्याने पेटंट मिळत नाही. मिळतं ते बारीक सुधारणेवर, म्हणजे लूप कसा सरकतो, दोन पॅनल एकमेकांना कुठे जोडलेत, बकल कुठल्या दिशेने लॉक होतं. तुमचा हिप पिंच ज्या भागाने कमी होतो नेमका तोच भाग पेटंटमध्ये असण्याची शक्यता जास्त, कारण सॅडलमध्ये नवीन करण्यासारखं उरलंय तेच. म्हणून दुसऱ्या कंपन्यांना तोच आराम वेगळ्या वाटेने द्यावा लागतो, आणि म्हणून तुम्हाला बाजारात एवढ्या तऱ्हा दिसतात. मला यात वाईट काही वाटत नाही. गॅरेजमध्ये शिवणयंत्र टाकून सुरू केलेल्या माणसाला मोठ्या कंपनीपासून वाचवणारी हीच एक गोष्ट आहे. वाईट वाटतं ते फार पसरट क्लेम करून सगळ्यांना घाबरवणारी पत्रं जातात तेव्हा, कारण लहान माणूस वकिलाची फी बघूनच माल काढून घेतो, कोर्टात तो जिंकला असता तरी.

पेटंट वाचायचं असेल तर गूगल पेटंट्सवर फुकट मिळतं. चित्रं आणि वर्णन बघून घाबरू नका, शेवटी दिलेले क्लेम वाचा. पहिल्या क्लेममध्ये समजा पाच गोष्टी लिहिल्यात आणि तुमच्या वस्तूत चारच आहेत, पाचवीच्या तोडीचंही काही नाही, तर तो क्लेम सहसा लागू होत नाही.

मावसभावाबद्दल. पेटंट देशापुरतं असतं. अमेरिकेतलं पेटंट पुण्यात शिवणाऱ्याला आडवं येत नाही, पण तीच वस्तू अमेरिकेत आणली की आयात हेच उल्लंघन, विकली की तेही, आणि कायद्याच्या शब्दांत नुसती वापरली तरी. एकट्या माणसामागे स्वतःच्या वापरासाठी कोणी लागत नाही हे खरं, पण पाचपंचवीस नग विकायला काढलेत की तुम्ही विक्रेते झालात. आणि फोटो पाठवून हुबेहूब शिवून घेतलं, वर पेटंट माहीत होतं, तर ते जाणूनबुजून केलेलं धरलं जाऊ शकतं, नुकसानभरपाई तिप्पटपर्यंत जाते.

एक दिलासा. तुम्ही विकत घेतलेलं सॅडल दुरुस्त करायचा, ब्रिजचा दोर बदलायचा, पुढे विकायचा हक्क तुमचा आहे. १९६१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गाडीच्या कापडी टपाचं प्रकरण गेलं होतं, फाटलेलं कापड बदलणं ही दुरुस्ती आहे, नवीन वस्तू बनवणं नव्हे असा निकाल लागला. ब्रिजचा दोर म्हणजे त्याच जातीची गोष्ट.

— — —

टाकाधागा:

मी पेटंट जाणत नाही पण शिवण जाणते, पॅराशूट कापड आणि वेबिंग, म्हणजे विणलेला जाड पट्टा, दोन्ही शिवलंय. दादा, मावसभावाला रागावू नका पण स्पष्ट सांगा, रकसॅकचा पट्टा उसवला तर सामान पडतं, याचा उसवला तर माणूस वीस फुटांवरून पडतो. लूपाजवळ जी दाट आडवी शिवण दिसते ना, बारटॅक, ती नुसती दिसायला तशी घालून चालत नाही, धागा कुठला, टाके किती, सुईने वेबिंगचे धागे तुटले का, हे सगळं बघावं लागतं आणि नंतर मशीनवर ओढून तोडून बघावं लागतं किती वजनाला तुटतंय. हे तोडायचं मशीन त्यांच्याकडे आहे का? नसेल तर वजन न घेणारी कामं द्या, कमरेची थैली, गुडघ्याचं पॅड, दोर ठेवायचा पाउच. ती कामं ते नक्कीच सुंदर करतील आणि इकडे त्याला चांगला भाव आहे.

— — —

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः ताईंचे, कारण मी पेटंटच्या काळजीत होतो आणि शिवणीचा विचारच केला नव्हता. मावसभावाशी बोललो. तोडायचं मशीन नाही त्याच्याकडे. थोडा हिरमुसला पण पाउचची कल्पना त्याला आवडली, नमुने करतोय.

ओहायोकर, घरामागच्या मेपलवर जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर प्लॅटफॉर्म लावून, जाड बिब घालून बसून बघितलं. अॅडजस्ट होणारा ब्रिज मागवला होता, तो वीतभर लांब केला आणि वरची कड कमरेच्या हाडावर ओढून घेतली, डावीकडचा दाब जवळपास गेला. उजवीकडे अजून राहतोय. बहुतेक मी उजव्या बाजूला वळून नेम धरायचा सराव करतो तेव्हा सगळं वजन त्या एका लूपावर जातं, ती बाजू माझी अवघडच आहे. हे सेटिंगने जाईल का त्यासाठीच दोन पॅनल लागेल?

क्लेमवाचक, मला आवडलेल्या एका सॅडलचे क्लेम वाचले. पहिल्याच क्लेममध्ये लूप सरकायची जी रीत लिहिली आहे ती वाचून उलट ते सॅडल कसं चालतं हे पहिल्यांदा नीट कळलं, कंपनीच्या जाहिरातीतून कळलं नव्हतं.

— — —

ओहायोकर:

उजवीकडे वळताना नुसती कंबर फिरवू नका, पाय हलवा. डावा पाय प्लॅटफॉर्मच्या कडेला, उजवा खोडाच्या बाजूला टेकवून अख्खं अंग झाडाभोवती फिरवा म्हणजे ब्रिजवरचा कॅराबिनर आपोआप सरकतो आणि वजन दोन्हीकडे वाटलं जातं. तरी राहिलं तर दोन पॅनल घ्या, पण विकत घ्यायच्या आधी कोणाचं तरी बसून बघाच. डेट्रॉइटच्या बाजूला येणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझ्याकडे मीडियम आहे, टोलेडोहून घेऊन येतो.