मुलांच्या लाकडी गाड्यांच्या शर्यतीत ड्रॅग रेससारखा 'दिवा बघून स्टार्ट' आणावा का?

मुलुंडचा_बाबा

मंडळी, मत हवंय, आणि खरं मत द्या. आमच्या सोसायटीत गणपतीत रांगोळी, चित्रकला, संगीत खुर्चीसोबत गेली तीन वर्षं मुलांची लाकडी गाड्यांची शर्यत होते. अमेरिकेत याला पाइनवूड डर्बी म्हणतात, १९५३ साली कॅलिफोर्नियात मॅनहॅटन बीचला डॉन मर्फी नावाच्या कब स्काउटवाल्या (लहान मुलांचा स्काउट गट) गृहस्थांनी सुरू केली. पाइनचा ठोकळा, चार चाकं, खिळ्यांचे अ‍ॅक्सल, मोटर नाही बॅटरी नाही, उतारावरून सोडायची आणि जी आधी पोचेल ती जिंकली. वजन जास्तीत जास्त ५ औंस म्हणजे साधारण १४२ ग्रॅम, लांबी ७ इंच. आम्ही तेच नियम घेतलेत, वजन खालच्या सोनाराच्या काट्यावर करतो. ट्रॅक प्लायचा, चार लेन, वरचं टोक जमिनीपासून ४ फूट.

आता मुद्दा. सध्या गेटची एकच पट्टी खाली पडते आणि चारही गाड्या एकदम सुटतात. मूल गाडी ठेवतं, मागे सरकतं, तीन-चार सेकंदात सगळं संपतं. गेल्या वर्षी माझी मुलगी, वय ९, दुसरी आली आणि घरी येताना लिफ्टमध्ये मला म्हणाली, "बाबा, यात मी काय केलं?" मला उत्तर देता आलं नाही कारण ठोकळा मी कापला होता, खिळे मी घासले होते, तिने रंग दिला होता.

म्हणून माझा प्रस्ताव असा की ड्रॅग रेसमध्ये (सरळ छोट्या रस्त्यावर दोन गाड्यांची शर्यत) असतो तसा दिव्यांचा खांब लावायचा, तीन पिवळे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने, मग हिरवा. प्रत्येक लेनला वेगळी पिन, ती सायकलच्या ब्रेकच्या केबलने ओढायची, ब्रेकचा दांडा मुलाच्या हातात. हिरव्याआधी ओढला तर लाल लागणार आणि ते मूल बाद. दिवे, सेन्सर सगळं लॅमिंग्टन रोडला मिळतं, मी स्वतः बसवीन. मुलाच्या हातात काहीतरी येईल. बोला.

पार्ल्याची_मावशी

शंभर टक्के आणा! आमच्याकडे पण अशीच शर्यत होते आणि खरी शर्यत बाबांचीच असते हो, एकाने तर गाडी ऑफिसच्या वर्कशॉपमधून मशीनवर कापून आणली होती, मुलाला विचारलं वजन कुठे ठेवलंयस तर त्याला माहीतच नाही. किमान दांडा तरी बाबा ओढणार नाही.

फिजिक्स_शिकवते

भावना पटली पण प्रस्ताव पटला नाही, आणि कारण आकड्यात आहे. मुलुंडचा_बाबा, तुमच्या पहिल्या चार गाड्यांत शेवटी फरक किती असतो, मोजलाय का कधी?

मुलुंडचा_बाबा

हो, मोबाइलच्या स्लो मोशनवर, सेकंदाला २४० फ्रेम. फायनलला पहिल्या आणि चौथ्या गाडीत आठ फ्रेम होत्या.

फिजिक्स_शिकवते

म्हणजे तीसेक हजारांश सेकंद. आता घरी एक पट्टी घ्या, मुलीच्या चिमटीत शून्याच्या आकड्याशी धरायला सांगा आणि न सांगता सोडा. २० सेंटीमीटरवर पकडली तर तिला ०.२ सेकंद लागला, ३० वर पकडली तर पाव सेकंदाच्या आसपास. त्याच मुलीचे लागोपाठ पाच प्रयत्न घेतले तरी त्यांच्यातच पाच-सहा सेंटीमीटरचा फरक पडतो, म्हणजे पंचवीस-तीस हजारांश तिथेच गेले, आणि दोन वेगळ्या मुलांमधला फरक दहावा हिस्सा सेकंद सहज असतो.

आता तुमचा ट्रॅक ४ फूट उंच, घर्षण सोडलं तर खाली वेग सेकंदाला पावणेपाच-पाच मीटर, घर्षण धरून साडेचार म्हणू. ०.१ सेकंद उशिरा सुटलेली गाडी शेवटी ४५ सेंटीमीटर मागे असेल, गाडीची लांबी १८ सेंटीमीटर, म्हणजे अडीच गाड्या मागे. गाडीच्या गुणाने जेमतेम एक गाडी पुढेमागे होत होतं, बोटाने अडीच होईल. मग ज्या मुलाने महिनाभर खिळे घासले त्याची मेहनत निकालात दिसणारच नाही. शर्यत गाडीची राहणार नाही, बोटाची होईल, फक्त समोर गाडी असेल.

गिरणगावचा_सुतार

बाईंचं बरोबर आहे. मी सुतारकाम करतो, लालबागला दोन मंडळांच्या अशा शर्यतींना ठोकळे मीच देतो, रे रोडच्या वखारीतून लाकूड आणून. या खेळाची मजा गाडीत आहे. खिळा सरळ ठोकणं, डोक्याखालची कड घासून काढणं, चार चाकांतलं एक जरा वर ठेवणं म्हणजे तीनच चाकं टेकतात आणि घासणं कमी होतं, पेन्सिलचं शिसं बारीक करून चाकात भरणं, काही पोरं कॅरमची पावडर टाकतात पण पावसाळ्यात ती ओल धरते, शिसं धरत नाही. वजन मागच्या चाकांकडे ठेवलं तर उतारावर ते जास्त उंचीवरून खाली येतं हे पोराला एकदा हातात देऊन दाखवलं की त्याला कळतं, पुस्तकात नाही कळत. आणि गणपतीच्या दिवसांत लाकूड पाणी पितं, शनिवारी १४२ भरलेली गाडी रविवारी १४३ भरते, मग पोरगं घाईघाईने खालून खरवडतं. हे सगळं सोडून दांडा ओढायची शर्यत कशाला?

बाप गाडी करतो हा त्रास आहेच, पण त्याचं औषध दिवा नाही. औषध म्हणजे दोन रविवार सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्या पोरांना एकत्र बसवा, हातकरवत, कानस, पॉलिश पेपर द्या, बापांना बाहेर चहा द्या. मी स्वतः बसतो फुकट. सात वर्षांचं पोरगं कानस नीट चालवतं, फक्त त्याला चालवू द्यायला लागते.

मुलुंडचा_बाबा

दादा, हॉलमध्ये करायचा प्रयत्न पहिल्या वर्षी केला होता. एक तासात अर्ध्या मुलांच्या मागे आईबाबा येऊन उभे, "थांब मी दाखवतो." कोणाला बाहेर काढणार, सगळे शेजारी. त्यात मीही होतो हे मान्य करतो.

ड्रॅग_वेडा_बोरिवली

प्रस्तावाच्या बाजूने बोलतोय पण आधी एक गोष्ट दुरुस्त करतो. हा दिव्यांचा खांब, ख्रिसमस ट्री, अमेरिकेत एनएचआरए या ड्रॅग रेसिंगच्या संघटनेच्या १९६३ च्या नॅशनल्स स्पर्धेत आला, त्याआधी माणूस झेंडा फडकवायचा आणि त्यावरून भांडणं व्हायची. तीन पिवळे अर्ध्या सेकंदाच्या अंतराने असले की ड्रायव्हर हिरव्याची वाट बघत नाही, शेवटचा पिवळा दिसला की सुटतो कारण हिरवा कधी येणार ते त्याला माहीत असतं. म्हणजे ही नुसती रिअ‍ॅक्शन नाही, ताल आहे. फिजिक्सवाल्या ताईंची पट्टी अचानक पडते, ट्री अचानक पडत नाही. ढोल पथकात ताशा वाजवणारं पोरगं इथे भारी पडेल, आणि ताल सरावाने येतो. महिनाभर सराव केला तर मुलांमधला फरक दहाव्या हिश्श्यावरून खूप खाली येईल, आणि तो सराव मुलाचाच असेल, बापाला त्यात हात घालता येणार नाही.

शिवाय ड्रॅगमध्ये हळू गाडीवाला नुसत्या चांगल्या स्टार्टवर फास्ट गाडीला हरवतो, त्याला होलशॉट म्हणतात, आणि प्रेक्षक सगळ्यात जास्त त्यालाच ओरडतात. तिकडे १९९२ पासून मुलांसाठी ज्युनियर ड्रॅग रेसिंग आहे, अर्ध्या आकाराच्या गाड्या, त्यातही ट्री आहेच. मुलांना झेपतं.

आणि घड्याळं दोन असतात हे विसरू नका. रिअ‍ॅक्शन टाइम वेगळा आणि गाडीचा टाइम वेगळा, गाडीचा टाइम गाडी सुरुवातीच्या रेषेवरच्या सेन्सरच्या किरणातून हलली की सुरू होतो. ड्रायव्हर झोपला तरी गाडीचा टाइम खराब होत नाही. मग एकाच रनमध्ये दोन्ही मिळतात, दोन बक्षिसं द्या, सुताराच्या कलेला पण न्याय.

फिजिक्स_शिकवते

तालाचा मुद्दा चांगला आहे, मी तो धरला नव्हता, मान्य. पण मग ज्याच्या घरी बाबा तोच दिवा बसवून देतील ते मूल महिनाभर सराव करणार, बाकीची मुलं त्या दिवशी पहिल्यांदा दांडा धरणार. बाप गेला कुठे, फक्त कानस सोडून सोल्डरिंग हातात घेतली.

दादर_खोखो

मी लहान मुलांना खो-खो शिकवतो, शिवाजी पार्कजवळ. खो मिळाला की उठणं म्हणजे रिअ‍ॅक्शनच, त्यामुळे रोज बघतो. सात वर्षांचं आणि बारा वर्षांचं मूल यात एका रांगेत बसवताच येत नाही, मोठं होईपर्यंत रिअ‍ॅक्शन सुधारत जाते. गाडीच्या शर्यतीत मात्र लहान मूल मोठ्याला हरवू शकतं, उतार वय विचारत नाही. वयोगट पाडणार असाल तर स्टार्ट आणा, नाहीतर नको.

आणि लाल म्हणजे बाद हे लहानांना अजिबात नको. २०११ ला देगूला वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या शंभर मीटर फायनलमध्ये बोल्ट फॉल्स स्टार्टवर बाद झाला, नियम २०१० पासून एका चुकीत बाद असा होता. त्याने जर्सी काढून फेकली. तो पंचवीस वर्षांचा, जगातला सगळ्यात वेगवान माणूस होता. आठ वर्षांच्या मुलाने महिनाभर गाडी केली आणि सुटायच्या आधीच बाद झालं, सगळ्या सोसायटीसमोर, तर ते पुढच्या वर्षी येणार नाही. मी मुलं अशी गमावली आहेत.

पार्ल्याची_मावशी

पण हरणं शिकायला नको का मुलांनी? सगळंच मऊ करायचं का? संगीत खुर्चीत पण बाद होतातच की.

दादर_खोखो

संगीत खुर्चीला महिनाभर कोणी खुर्ची घडवत नाही मावशी.

आईची_ओळ_वडाळा

मी सहसा लिहीत नाही. माझा मुलगा १० वर्षांचा आहे, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, उजवा हात चालतो पण हुकूम दिला आणि लगेच हलला असं होत नाही, त्याला वेळ लागतो. आमच्या बिल्डिंगमध्ये गणपतीत लिंबू-चमचा, पोत्यातली शर्यत, संगीत खुर्ची सगळं असतं आणि त्या सगळ्यात तो टाळ्या वाजवायला बसतो. गाडीची शर्यत सुरू झाली तेव्हा पहिल्यांदा तो उतरला. गाडी करायला त्याला पाच आठवडे लागले, घासायचं काम सगळं त्याने केलं, रोज थोडं थोडं, मी फक्त ठोकळा धरून ठेवला. पट्टी पडली आणि त्याची गाडी बाकीच्यांच्या सोबत सुटली, सोबत म्हणजे बरोबर त्याच क्षणाला. तो तिसरा आला. तो अजूनही तिसऱ्या नंबरबद्दल बोलत नाही, "सगळे एकदम सुटलो" हे सांगतो.

तुम्ही दांडा आणलात तर तो परत टाळ्या वाजवायला बसेल. वेगळी सवलत, दुसऱ्याने दांडा ओढणं, हे मला सुचवू नका, ते त्याला कळतं.

मुलुंडचा_बाबा

ताई, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी विचार करत होतो की मुलाच्या हातात काही नाही ही उणीव आहे. तुमच्या मुलासाठी तेच बरं होतं. थोडा वेळ द्या मला.

ड्रॅग_वेडा_बोरिवली

ताई, तुमचं वाचून मी माझं मत बदलतोय असं म्हणणार नाही पण दोन घड्याळांचा उपाय यासाठीच आहे ना, गाडीच्या बक्षिसाला त्याचा हात मोजलाच जाणार नाही, गाडी हलल्यापासून वेळ.

फिजिक्स_शिकवते

कागदावर बरोबर. पण हॉलमध्ये मुलं घड्याळ बघत नाहीत, कोणाची गाडी आधी पोचली ते बघतात आणि ओरडतात. त्याची गाडी दोन मीटर मागून येणार आणि मग माइकवरून कोणीतरी सांगणार की खरं तर हाच पहिला. त्याला ते सांगितलेलं चालेल का, त्याच्या आईनेच आत्ता उत्तर दिलंय.

आणखी एक, दिव्यांचा रंग. लाल-हिरवा न ओळखणारी मुलं असतात, मुलींपेक्षा मुलांत जास्त, आणि घरच्यांना बऱ्याचदा माहीत नसतं. काहीही केलंत तरी हिरवा दिवा वेगळ्या जागी ठेवा, नुसत्या रंगावर जाऊ नका.

गिरणगावचा_सुतार

मग दोन खेळ वेगळे करा ना. पोरांच्या गाड्यांची शर्यत पट्टीवरच, जशी आहे तशी, ढाल तिलाच. दांड्याचा खेळ दुसऱ्या दिवशी आणि त्याला पोरांच्या गाड्या नकोतच. मी एकाच फळीतून चार गाड्या कापून देतो, एकाच वजनाच्या, चाकं एका डब्यातली, लेन बदलत खेळवा. तिथे बोटच मोजायचंय तर गाडी सारखी पाहिजे. ज्याला उतरायचं तो उतरेल.

मुलुंडचा_बाबा

दादा, डोक्याला पटतंय. पण प्रामाणिकपणे सांगतो, मग माझ्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. तिला तिच्या गाडीसोबत काहीतरी करायचं होतं, मंडळाच्या गाडीसोबत नाही.

आईची_ओळ_वडाळा

दादा, तिला यंदा कानस द्या आणि तुम्ही ठोकळा धरा. माझा हात दुखायचा पण मी धरला.

पार्ल्याची_मावशी

मी अजून दांड्याच्याच बाजूने आहे, ताईंचं वाचून वाईट वाटलं तरी. आमच्याकडे पंचवीस मुलं आहेत आणि वीस जणांच्या गाड्या बाबांनी केलेल्या असतात, हे कोणी थांबवू शकलेलं नाही. दुसऱ्या दिवशीचा वेगळा खेळ ठेवलात तर आम्ही मुलांना घेऊन येऊ.

ड्रॅग_वेडा_बोरिवली

वेगळा खेळ होणार असेल तर एक काम नक्की करा. चारही ब्रेक केबल सारख्या लांबीच्या घ्या आणि ढिलाई रोज सकाळी तपासा, केबल जुनी झाली की ताणते आणि त्या लेनचं मूल न चुकता हरतं. आणि लाल लागला तर बाद करू नका, ती फेरी परत खेळवा, हे खो-खोवाल्या सरांचं मी मानलं. रविवारी कोणी लॅमिंग्टन रोडला येणार असेल तर मी ग्रँट रोड स्टेशनच्या बाहेर अकराला उभा आहे.

मुलुंडचा_बाबा

येतो. मुलीला पण आणतो. काल रात्री पट्टी पकडायला लावली, पाचपैकी तीनदा हातातून सुटली, मग तिने माझी घेतली. सुतार दादा, एक ठोकळा आत्ताच हवा होता, न कापलेला.