मदत हवी आहे : अवकाशयानाची कुपी 'उडते' हे मुलांना कसं दाखवू?

नमस्कार मंडळी. नववी-दहावीच्या मुलांना यान वातावरणात परत कसं येतं ते सांगायचंय. अपोलोची कुपी नुसती दगडासारखी पडत नव्हती, हे त्यांना पटतच नाही. वजनाचा मध्य मुद्दाम जरा एका बाजूला ठेवलेला, त्यामुळे ती तिरकी राहायची आणि थोडं उत्थापन (हवेमुळे वाटेला काटकोनात मिळणारं बळ) मिळायचं. रोधाच्या (हवेच्या मागे ओढणाऱ्या बळाच्या) जेमतेम 0.3 पट, पण तेवढं पुरायचं.

पाण्याच्या उंच बरणीत स्टीलची वाटी सोडून पाहिली, बूड खाली, आत एका कडेला मातीचा गोळा चिकटवून. वाटी जड बाजूकडे सरकत जाते, मस्त दिसतं! पण तीनदा सोडली तर एकदा तरी कोलांटी खातेच. गोळा बुडाशी लावू की आणखी मधे सरकवू?

दुसरी अडचण मोठी आहे. उत्थापन कमी-जास्त करता येत नाही, कुपी स्वतःभोवती वळवून फक्त त्याची दिशा बदलतात, इथवर ठीक. मग कुपी कलती केल्यावर ती बाजूला भरकटते, म्हणून थोड्या वेळाने उलट कुशीवर वळवतात. हे फळ्यावर काढलं की सगळे गोंधळतात (खरं सांगायचं तर मीही). सोपी उपमा आहे का कुणाकडे?

सोयुझ या रशियन यानाचं उदाहरण मात्र लगेच कळतं. एप्रिल 2008 मध्ये सोयुझ टीएमए-11 हे यान उत्थापनाशिवाय उतरलं, तर नेहमीच्या 4 जीऐवजी (1 जी म्हणजे आपल्याला जमिनीवर जाणवतं तेवढं वजन) 8 जीहून जास्त भार आला आणि यान ठरलेल्या जागेच्या 400 किमीहून अधिक अलीकडे पडलं.

शनिवारी तास आहे, त्याआधी सुचवलंत तर बरं होईल.