किल्ला उतरताना गुडघा दुखावला, तीन महिन्यांत साडेपाच किलो परत आले. काय करू?

दौलतगंजची · १६ फेब्रुवारी २०२५

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे वाचते आहे, लिहिते आज पहिल्यांदा. मी ग्वाल्हेरची, शहराच्या लष्कर भागात राहते. वय ४७, उंची पाच फूट एक इंच. शाळेच्या ऑफिसात हिशेबाचं काम, म्हणजे दहा ते पाच खुर्ची.

जानेवारी २०२३ मध्ये माझं वजन ८२ होतं आणि तीन महिन्यांच्या सरासरीची साखर ६.२ आली. डॉक्टर म्हणाले, अजून मधुमेह नाही, पण दारात उभा आहे. माझ्या आईचं पायाचं बोट मधुमेहाने गेलं. रोजचं ड्रेसिंग मी केलं आहे. तो वास अजून नाकातून गेलेला नाही. रिपोर्ट हातात घेऊन रिक्षात बसले तेव्हाच ठरवलं की हे आपल्या वाट्याला येऊ द्यायचं नाही.

जिम जमली नाही. मग किल्ला धरला. गुजरी महालाकडून जो पायी चढ आहे, तो. पहिल्या दिवशी गणेश दरवाज्यापर्यंत गेले आणि छाती फुटेल असं वाटलं, तिथूनच परत आले. पंधरा दिवसांनी चतुर्भुज मंदिर गाठलं. शून्य कोरलेला इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे ना, तेच हे देऊळ. तिथे पाच मिनिटं बसायचं, खाली धुक्यातलं गाव बघायचं, मग पुढे. दीड महिन्याने हत्ती पोळ ओलांडून मानमंदिर महालापर्यंत गेले तेव्हा रडू आलं मला. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण सकाळचा तो सव्वा तास हा पहिला वेळ जो कुणाच्या डब्याचा, औषधाचा, युनिफॉर्मचा नव्हता. माझा होता.

ऑक्टोबर २०२४ पर्यंत वजन ७०.५ झालं. साखर ५.६.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात उतरताना दवाने ओल्या झालेल्या दगडावरून उजवा पाय सरकला. पडले नाही, सावरले. पण पाऊल अडकलं आणि अंग फिरलं. आतून ‘कट्’ असा आवाज आला. घरी पोचेपर्यंत गुडघा भरून आला होता. एमआरआयमध्ये आतल्या बाजूची गादी, मेनिस्कस, फाटलेली निघाली आणि शिवाय झीज. डॉक्टरांनी सांगितलं: चढ-उतार बंद, मांडी घालायची नाही, पट्टा लावा आणि वजन कमी करा. मी विचारलं, चालणंच बंद केलं तर वजन कमी कसं करू? त्यावर ‘डाएट’ एवढं एकच उत्तर मिळालं आणि पुढचा पेशंट आत आला. दुसरीकडे दाखवलं तर दुर्बिणीतून ऑपरेशन सुचवलं.

आज वजन ७६ आहे. भजनाला मी सगळ्यात मागे खुर्चीवर बसते, सगळ्या खाली सतरंजीवर. कुणी काही बोलत नाही, पण मला टोचतं. गुडघा दुखतो म्हणून बसते, बसते म्हणून वाढते, वाढते म्हणून गुडघा दुखतो. यातून कुणी बाहेर आलं असेल तर कसं ते सांगा. आणि खरं सांगा, किल्ला आता सोडूनच द्यायचा का?

रामबागची फिजिओ · १६ फेब्रुवारी

ताई, मी इंदूरला फिजिओथेरपिस्ट आहे, एकोणीस वर्षं गुडघेच बघते. तुमचा गुडघा हात लावून पाहिलेला नाही, तेव्हा हे सल्ला म्हणून घ्या, उपचार म्हणून नाही.

आधी एक सांगा. गुडघा कधी अडकतो का? म्हणजे वाकलेला पाय सरळच होत नाही, हलवून-झटकून सोडवावा लागतो, असं होतं का? होत असेल तर हे वाचत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांकडे जा. चालता चालता गुडघा दगा देत असेल, पाय एकदम लुळा पडत असेल, तरीही तेच.

तसं नसेल तर ऑपरेशनची घाई नको. चाळिशीनंतर झिजेने गादी फाटलेली असणं फार कॉमन आहे. गुडघा अजिबात न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही ती दिसते. फिनलंडमध्ये ३५ ते ६५ वयाच्या १४६ जणांवर एक अभ्यास झाला, २०१३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. झिजेने गादी फाटलेली माणसं, सगळ्यांना भूल दिली, सगळ्यांच्या गुडघ्यात दुर्बीण घातली. निम्म्यांची फाटलेली गादी छाटली, निम्म्यांची छाटल्याचं नुसतं नाटक केलं. वर्षभराने दुखण्यात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. तुमच्या बाबतीत झीज किती आणि त्या दिवशीच्या मुरडीने नवीन फाटलं किती, हे मात्र डॉक्टरांना स्पष्ट विचारा, कारण त्यावर उपाय बदलतो.

मांडीचा पुढचा स्नायू हा गुडघ्याचा खरा पट्टा. तीन महिन्यांत तो वाळला असणार. टेप घ्या, दोन्ही मांड्या गुडघ्याच्या चार बोटं वर मोजा, फरक दिसेल. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवा, गुडघ्याने ती दाबा, पाच मोजेपर्यंत धरा. उताणं झोपून पाय सरळ ठेवून वीतभर उचला. खुर्चीतून हात न टेकता सावकाश उठा, त्याहून सावकाश बसा. सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. हे जमलं की पुढचं.

दुखलं तर थांबायचं का, हे सगळे विचारतात. दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या सकाळसारखाच असायला हवा. सुजला किंवा जास्त आखडला तर आदल्या दिवशीचं प्रमाण जास्त झालं, एवढाच अर्थ. बंद नाही करायचं, कमी करायचं.

आणि सपाटीवर चाला हो! फुलबाग आहे ना तुमच्याकडे. दहा मिनिटांनी सुरू करा. काठी घेतली तर डाव्या हातात, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध. निम्मे लोक चुकीच्या हातात धरतात.

सीटी_मास्तर · १७ फेब्रुवारी

वहिनी, मी ग्वाल्हेरचाच. कंपू भागात राहतो. चौतीस वर्षं शाळेत खेळाचा शिक्षक होतो, त्याआधी आपल्या लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण कॉलेजात शिकलो. १९५७ साली सुरू झालेली ती संस्था, तिथल्या मैदानावर आम्हाला एक गोष्ट मारून-मुटकून शिकवली: चढताना दम लागतो, उतरताना सांधा लागतो. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन पेलतो, ब्रेक लावत. तो थकला की सगळा धक्का गुडघ्यात. तुम्ही दीड-पावणेदोन वर्षं चढ शिकलात, उतार कुणी शिकवलाच नाही.

म्हणून किल्ला सोडू नका, उतरणं सोडा. काही महिने चढून जायचं आणि उरवाई दरवाज्याच्या रस्त्याने गाडीवर खाली यायचं. यजमानांना स्कूटर घेऊन वर बोलवा. तेही जेव्हा फिजिओताई चढायला हो म्हणतील तेव्हा.

तोवर घरात उतार शिका. आपला जेवायचा पाट असतो ना, दोन-अडीच इंचांचा, तो घ्या. सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं घाला, बाजूला भिंत असू द्या. दुखरा पाय पाटावर, चांगला पाय सावकाश जमिनीकडे न्यायचा. चार मोजत. टाच जमिनीला टेकली न टेकली की परत वर. पाटावरचा गुडघा आत, दुसऱ्या गुडघ्याकडे झुकता कामा नये. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. समोर आरसा ठेवा. आठ वेळा, एक दिवसाआड. तीन आठवडे विनातक्रार झाले की पाट जाऊन वीट. माझ्या हाताखालून गेलेल्या कितीतरी हॉकीच्या पोरी याच पाटावरून मैदानात परतल्या आहेत.

मुरारची_नीता · १७ फेब्रुवारी

एवढं कशाला करत बसता, माझ्या जावेने ऑपरेशन केलं आणि महिन्यात पळायला लागली. वजनासाठी रात्रीचं जेवण पूर्ण बंद करा, महिन्यात आठ किलो जातं.

रामबागची फिजिओ · १७ फेब्रुवारी

नीताताई, जावेला बरं वाटलं याचा आनंद आहे, पण तिची दुखापत वेगळी असू शकते. आणि कृपा करून महिन्यात आठ किलोचा सल्ला कुणाला देऊ नका. त्यात चरबीबरोबर स्नायूही जातो, आणि या ताईंना आत्ता सगळ्यात जास्त गरज स्नायूचीच आहे.

बडोद्याचा_मिलिंद · १८ फेब्रुवारी

ताई, माझी घोट्यामागची शीर तुटली होती, गरब्यात. चार महिने घरी, नऊ किलो वाढले. म्हणून तुमचं ते खुर्चीचं कळलं मला. मीही पुढच्या नवरात्रात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होतो.

मला ज्याने मार्ग दिसला ते सांगतो. तासभर चालून आपल्या वजनाच्या माणसाचे अडीचशे-तीनशे कॅलरी जळतात. दोन मोठे चमचे तेलात तेवढ्याच असतात. म्हणजे पाय बंद असले तरी हिशेब बंद नाही. तुम्ही तर हिशेबातल्याच आहात. आमच्या चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागायचं. बायकोने आणि मी ठरवून किटली भरली त्या दिवशी तारीख लिहून ठेवायला सुरुवात केली. तीन लिटरवर आलो. वाचलेल्या दोन लिटरचे साधारण सोळा हजार कॅलरी, माणशी चार हजार, म्हणजे महिन्याला जवळजवळ अर्धा किलो, आणि कुणाला उपाशी ठेवलं नाही. भाजी तीच, फोडणी मोजून.

दुसरं, प्रथिनं. आपल्या वरणाच्या वाटीत सहा-सात ग्रॅम, आणि आपल्याला वाटतं वरण-भात खाल्ला, झालं. मी दिवसाला सत्तरच्या आसपास धरतो: सकाळी मोड आलेले मूग, दुपारी दही, रात्री पनीर किंवा सोयाबीनच्या वड्या. किडनीचा काही त्रास असेल तर मात्र आधी विचारा.

आणि संध्याकाळी चारला ऑफिसात काय खाता ते एकदा खरं खरं लिहून बघा. मला तेव्हा भूक नसायची, दुःख व्हायचं.

दौलतगंजची · २१ फेब्रुवारी

मिलिंदभाऊ, शेवटचं वाक्य वाचून मी फोन खाली ठेवला. लिहून पाहिलं. मुरैन्याची तीळ-गुळाची गजक, रोज चार-पाच तुकडे, ड्रॉवरमध्ये ठेवलेली. किल्ला सुटल्यापासून.

फिजिओताई, गुडघा अडकत नाही, दगाही देत नाही. मांडी मोजली, उजवी अडीच सेंटिमीटरने बारीक आहे. ते बघून धक्का बसला. इथल्या फिजिओकडे कालपासून जायला लागले.

दौलतगंजची · १४ सप्टेंबर २०२५

मंडळी, सात महिने झाले. कुणी शोधत आलं तर अर्धवट राहू नये म्हणून लिहिते.

वजन ७१.८. सरळ उतरलं नाही. मार्च-एप्रिलमध्ये दोन किलो गेले, मग मे-जूनमध्ये काटा हललाच नाही; पहाटे साडेपाचला घराबाहेर पडावं तरी अंगाला भट्टीची झळ लागायची, चालणं पंधरा मिनिटांवर आलं. मे महिन्यात एका लग्नात दिवसभर उभी राहिले आणि गुडघा पुन्हा सुजला. त्या रात्री सगळं संपलं असं वाटलं. फिजिओंनी दोन आठवडे मागचे व्यायाम दिले, पाटावरून परत टॉवेलच्या गुंडाळीवर. पण यावेळी खाणं सुटलं नाही, म्हणून वजन वाढलं नाही. नोव्हेंबरात आणि मे महिन्यात फरक होता तो एवढाच.

मांड्यांमधला फरक आता एक सेंटिमीटर. साखर ५.७. तेल महिन्याला साडेतीन लिटर, सासूबाईंच्या अळूवडीपुढे माझा नाइलाज आहे आणि तो मी मान्य केला आहे.

मास्तरकाका, पाट मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी ठेवला. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत आठ वेळा. पहिल्या आठवड्यात आरशात गुडघा आत झुकताना स्पष्ट दिसायचा, जणू दुसऱ्या गुडघ्याला काही सांगायला निघालाय. आता सरळ राहतो.

गेल्या दोन रविवारी किल्ला चढले. चतुर्भुज मंदिरापर्यंत सतरा मिनिटं, पूर्वी बारा लागायची. वर हे स्कूटर घेऊन उभे होते. पहिल्या रविवारी त्यांनी विचारलं, रोज एवढं चढत होतीस? इतकी वर्षं त्यांनी तो चढ पाहिलाच नव्हता.

भजनाला अजून खुर्चीच आहे, पण आता ती पहिल्या रांगेत टाळ वाजवणाऱ्या काकूंशेजारी मांडते.

काका, एका विटेवरून महिना झाला, दुसऱ्या दिवशी सूज नाही, आखडणं नाही. दुसरी वीट आत्ता चढवू, की थंडीत दगड कोरडे होईपर्यंत थांबू?

सीटी_मास्तर · १४ सप्टेंबर २०२५

चढवा, पण भिंतीला हात ठेवून, आणि आठऐवजी पाचच. उतरण दिवाळीनंतर, ऊन पडल्यावर, आणि पहिल्या दिवशी हत्ती पोळापासून फक्त लक्ष्मण दरवाज्यापर्यंत. मी येतो सोबत.