जिम्नीला २३५/७५ टायर: 'काही बदलावं लागत नाही' म्हणे!

घाटमाथा
काल इथे एकाने ठोकून दिलं: "जिम्नीला २३५/७५ आर१५ एमटी टाका, काहीही बदलावं लागत नाही, क्लिअरन्स ४० एमएम वाढतो, ओढ तीच राहते." तिन्ही दावे चूक, आणि खाली 'धन्यवाद दादा'ची रांग. म्हणून लांबलचक लिहितोय. नव्यांसाठी: जिम्नी म्हणजे मारुतीची छोटी फोर-बाय-फोर; २३५ ही टायरची एमएममधली रुंदी, ७५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के, आर१५ म्हणजे १५ इंची रिम; एमटी म्हणजे खोल खाचांचा, चिखलाचा टायर.

कंपनीच्या १९५/८० चा व्यास ६९३ एमएम, २३५/७५ चा ७३३. फरक ४० चा, पण ॲक्सल चाकाच्या मधोमध असतो. डिफखाली (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याखाली) मिळाले २०. व्यास ५.८ टक्के वाढला म्हणजे प्रत्येक गिअर तेवढाच लांब झाला. टॉर्क जेमतेम १३४ एनएम, तोही ४००० आरपीएमला. चढाला तिसऱ्यावर निघणारी गाडी दुसरा मागणार. डिस्क तीच आणि चाक मोठं, म्हणजे ब्रेकही त्याच हिशोबाने ढिला.

आणि रिमचं काय? कंपनीची ५.५ इंची. २३५ ला किमान ६ लागते. अरुंद रिमवर टायर फुगतो, ट्रेड (जमिनीला टेकणारा भाग) मधूनच झिजतो, हवा कमी केली की बीड (रिमला धरणारी टायरची कड) सुटायचा धोका. वजा ऑफसेटची (चाक बाहेर काढणारी) रुंद रिम घेतली तर आत रेडियस आर्मला (ॲक्सल धरणाऱ्या दांड्याला) घासणं थांबतं, पण फुल लॉकला, म्हणजे स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की, बंपरचा मागचा कोपरा आणि चाकावरचं प्लास्टिक लायनर खरवडतो. वर किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं तो खिळा) आणि बेअरिंगवर ताण, तो वेगळाच.

२१५/७५ आर१५ घ्या. तीच रिम, लिफ्ट (उंच स्प्रिंग टाकून गाडी उचलणं) नको, व्यासात दीड टक्का फरक. विषय संपला.

लो_रेंज
विषय संपवायची भारी घाई! २१५ ने डिफखाली मिळतात पाच एमएम. पाच एमएमसाठी चार टायर? त्यापेक्षा १९५ मध्येच चांगले एटी (डांबर-माती दोन्हीला चालणारे) घ्यावेत.

२३५ बसतो, फक्त काम पूर्ण करावं लागतं. ४० एमएम लिफ्ट. लिफ्टने कॅस्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा कल) कमी होतो, गाडी सरळ धावत नाही, म्हणून रेडियस आर्मला करेक्शन बुश. ॲक्सल एका बाजूला सरकतो, म्हणून ॲडजस्टेबल पॅनहार्ड रॉड. ब्रेक होज पूर्ण आर्टिक्युलेशनला (चाक पूर्ण खाली गेल्यावर) ताणला जातो का ते गाडी जॅकवर घेऊन, चाक लोंबतं सोडून बघायचं. तरी लॉकला घासत असेल तर नकलच्या (चाक वळवणाऱ्या सांध्याच्या) स्टॉपर बोल्टला वॉशर. वळण थोडं मोठं होईल. बदल्यात रुंद टायर, जो चिखलात तरंगतो.

जांभा
तरंगतो? कोकणातल्या लाल चिखलाखाली वीतभरावर कातळ नाहीतर मुरूम असतो. अरुंद टायर चिखल कापून तिथे पोचतो आणि पकड घेतो. रुंद टायर वरच्यावर साबणासारखा घसरतो. जुन्या जीपा सडपातळ टायरवर उगाच नाही चालल्या.

काळी_रेगूर
कातळ तुमच्याकडे असेल, आमच्या परभणीकडे या. पावसाळ्यात काळ्या मातीला तळच नाही. अरुंद टायर खणत जातो, ॲक्सल टेकला की चारही चाकं जागेवर गरगर. इथे रुंदीच हवी, हवा १८ पीएसआयवर हवी आणि ट्रेडच्या फटी मोठ्या हव्यात. एटीच्या फटी दोन फेऱ्यांत भरतात, मग टायर गुळगुळीत.

जांभा
म्हणजे तुमच्या शेतासाठी अख्ख्या महाराष्ट्राने २३५ घालायचे? एमटी ओल्या डांबरावर किती घसरतो ते वरंध घाटात ब्रेक मारून बघा. नव्वद टक्के चालवणं डांबरावरच असतं, चिखल फक्त फोटोपुरता!

काळी_रेगूर
फोटो तुमचे. आम्हाला शेतावर जायचंय. उगाच शिकवू नका.

बांधावरचा
शेताचं नाव निघालंच आहे तर ऐका. जुलैत एमटी घालून पाणंदीत घुसायचं, फूटभर चाकोऱ्या पाडायच्या आणि विंचने (गाडीवरच्या केबलच्या रहाटाने) झाडाला लटकून निघून जायचं. मग त्यातून बैलगाडी कशी न्यायची? रुंद की अरुंद हे नंतर ठरवा, आधी ओल्या पाणंदीत शिरणं बंद करा.

लो_रेंज
आलं, प्रत्येक धाग्यावर हेच पुराण. इथे टायरचा साइज चाललाय.

बांधावरचा
रस्ता आमचा मोडतो म्हणून पुराण वाटतं. आणि विंचचा पट्टा न घालता केबल थेट झाडाला गुंडाळली की साल सोलवटून झाड वाळतं, हेही लिहून ठेवा.

लो_रेंज
पट्ट्याचं मान्य. बाकी नाही.

स्टेपनी
भांडणात एक गोष्ट सगळे विसरलात: पाचवं चाक. चार २३५ आणि स्टेपनी १९५ ठेवली आणि घाटात पंक्चर झालं, तर ४एचमध्ये (चारही चाकांना ताकद) पुढचा-मागचा ॲक्सल वेगळ्या वेगाने फिरणार, ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारी पेटी) कडक होणार, एबीएस-ईएसपी (घसरण रोखणारी यंत्रणा) गोंधळणार. तशी वेळ आलीच तर २एचवर (फक्त मागच्या चाकांना ताकद), तीही स्टेपनी पुढे लावून. मागच्या डिफला वेगळे व्यास देऊ नका. पाचवा २३५ घेतलात तर वजन मागच्या दारावर येतं, बिजागऱ्या आणि दाराचे रबर स्टॉपर तपासत राहा.

आणि 'मायलेज पडलं' म्हणून रडण्याआधी हे बघा: ओडोमीटर आता कमी मोजतो. १०,००० दिसले तर धावले १०,५८०. ऑइल त्या हिशोबाने बदला.

घाटमाथा
स्टेपनीचा मुद्दा माझ्या लिहिण्यात नव्हता, घ्या. काळ्या मातीत २१५ अपुरा, हेही घ्या, मन मोठं आहे माझं. पण मग लो_रेंजनी सांगितलेली यादी अख्खी करा: लिफ्ट, बुश, पॅनहार्ड, होज, वर माझी ६ इंची रिम आणि स्टेपनीने सांगितलेले पाच टायर. 'काहीही बदलावं लागत नाही' म्हणणारे दादा कुठे गेले?

लो_रेंज
ते थारच्या धाग्यावर २८५/७० सुचवतायत.

नवा_मालक
मी २१५ चे एटी घेतले तर हवा किती ठेवू?

स्टेपनी
दाराच्या खांबावरच्या स्टिकरपासून सुरुवात. ट्रेडवर आडवी खडूची रेघ मारा, सरळ डांबरावर तीसेक मीटर जा. मध्येच पुसली तर २ पीएसआय कमी, कडाच पुसल्या तर २ वाढवा. सकाळी, टायर गार असताना.