मदत हवी आहे: मुलांच्या लघुपटाची पटकथा कुणी वाचून देईल का?

नमस्कार मंडळी. वसईतल्या आमच्या धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या पॅरिशमध्ये, गर्भातल्या बाळाच्या जीवनावर मुलांची निबंध आणि लघुपट स्पर्धा घेतोय, २५ मार्चला, दूतसंदेशाच्या सणाला, म्हणजे देवदूताने मरियेला येशूच्या जन्माची वार्ता दिली त्या दिवशी. (पोप जॉन पॉल दुसरे यांचं ‘एव्हांजेलियुम व्हिटे’ हे मानवी जीवनाच्या मोलाबद्दलचं परिपत्रकही १९९५ साली याच दिवशीचं.)

निबंध भरपूर आले, पण बहुतेकांनी गर्भपातासाठी आईलाच दोषी ठरवलंय. एका मुलीने मात्र सोनोग्राफीबाहेरच्या बाकावर पर्स छातीशी धरून बसलेली बाई लिहिलीय. फोन वाजतोय, ती उचलत नाही. त्यावरच पाच मिनिटांची फिल्म करायचीय.

संवाद कमी ठेवून तिची घालमेल कशी दाखवावी? मोबाइलवर आवाज स्वच्छ कसा घ्यावा? अशा प्रसंगातून गेलेली एखादी आई समोर बसलेली असेल, तिला टोचू नये, याची मला फार काळजी वाटते.